तहापूर्वीचे सांत्वन

उत्तर अमेरिकेतल्या घनदाट अरण्यात, इरोक्वा लोकांच्या गावाबाहेर, एकदा एक तह व्हायचा होता. समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या गोऱ्यांचा गव्हर्नर लवाजम्यासह आला होता. सीमेवरच्या नदीकाठी झालेल्या चकमकीत दोन्हीकडची माणसे मारली गेली होती. तह फिसकटला, तर युद्ध अटळ होते.

इरोक्वांच्या वतीने एक वृद्ध वक्ता बोलणार होता. शेजारी त्याचा शिष्य बसला होता. त्याच चकमकीत शिष्याचा थोरला भाऊ गेला होता. म्हातारा आता या पाहुण्यांना चांगले फैलावर घेईल, अशी त्याची खात्री होती.

वृद्ध उठला. शिंपल्यांच्या मण्यांची एक सर गव्हर्नरच्या हाती देऊन म्हणाला, "तुमची माणसे गेली. या सरीने तुमचे अश्रू पुसतो." दुसरी दिली. "शोकाने बंद झालेले तुमचे कान उघडतो." मग तिसरी. "दाटलेला तुमचा कंठ मोकळा करतो." आणि चक्क खाली बसला! सीमेबद्दल अवाक्षर नाही. सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

शिष्याला राहवेना. "आजोबा, भाऊ माझा गेला आणि डोळे तुम्ही त्यांचे पुसता? ही कुठली रीत?"

"आपलीच, जुनी. तुला त्यांच्याकडून काय हवे?"

"नदीअलीकडे पाऊल टाकणार नाही, असे वचन."

"मग ज्याचे डोळे भरलेत, त्याला नदी दिसेल कशी? कान बंद, तर तुझे म्हणणे शिरेल कुठून? आणि दाटल्या कंठाचे वचन अर्धे घशातच राहते. बाळा, उद्या मला त्यांच्याशी कडाडून भांडायचे आहे. समोर धड माणूस तर हवा!"

"आणि माझे डोळे?"

"ते माझ्या हाती नाही. ते काम त्यांचे. करतात का, बघू."

सकाळी गव्हर्नर आला तो मण्यांच्या सरी घेऊनच. क्रम चुकला, दुभाषी अडखळला, पण त्याने विचारले, "तुमच्यात कोणाचे कोण गेले?"

साऱ्यांनी शिष्याकडे पाहिले. गव्हर्नरने एक सर त्याच्या हातात ठेवली. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारा तो तरुण सर्वांदेखत रडला. कोणी त्याला घाई केली नाही.

मग वृद्ध म्हणाला, "सीमेचे आता तूच बोल."

शिष्य उठला. काल त्याला फक्त ओरडायचे होते. आज तो एकेक शब्द तोलून नदीची हद्द सांगू लागला, आणि गव्हर्नर ऐकत होता.