भरल्या पोटाची हरणं

फार पूर्वी एका नगराच्या वेशीबाहेर एका शेठजींनी बाग काढली. भोवती उंच कुंपण, आत जंगलातून धरून आणलेली चाळीस हरणं, आणि कमानीवर सोनेरी अक्षरं: ‘या, हात लावा, लळा लावा.’

दारात भिजवलेल्या हरभऱ्यांचा द्रोण मिळे. तो घेऊन आत शिरलं की हरणं धावत येत, तळहात चाटत, पदर ओढत. लोकांना अगदी भरून येई.

“अहो, बघा तरी! थेट माझ्याकडेच आलं. मागच्या जन्मीची ओळख दिसते!”

“तुझ्या माहेरचं असेल,” नवरा म्हणे आणि हळूच स्वतःचाही हात पुढे करी.

या बागेत एक राखणदारीण होती. हरणांना चारा घालणं हे तिचं काम. खरं सांगायचं तर न घालणं हेच तिचं काम! शेठजींचा नियम होता: फाटक बंद झालं की मूठभर गवत, मग दुसऱ्या दिवशी पाहुणे येईपर्यंत काही नाही. “भरल्या पोटाचं जनावर आजारी पडतं,” असं त्यांनी सांगितलं होतं. तिनं नऊ वर्षं ते खरं मानलं.

एके दिवशी एक हरिणी व्याली. पाडस ढुशा देई, पण आचळ कोरडं. पाचव्या दिवशी त्याला उभंही राहवेना. राखणदारीण शेठजींकडे धावली.

“शेठजी, त्या हरिणीला तेवढं पोटभर खाऊ द्या. दूध आटलंय तिचं.”

“वेड लागलंय का तुला? परवा महाराज येणार, राजकन्येला घेऊन. एखाद्या हरणानं तोंड फिरवलं तर? परवापर्यंत कुणालाच काडी घालायची नाही.”

“पाडस मरेल हो!”

“मेलं तर दुसरं होईल. महाराज रुसले तर दुसरे कुठून आणू?”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. शेठजींचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. म्हणजे चारा तोडला की जनावरं माणसांपुढे नाचतात, हे यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आपण नऊ वर्षं रिकाम्या गव्हाणी झाडत बसलो!

शेठजी कमानीला तोरणं बांधून घेण्यात गुंतले होते. राखणदारणीनं गवताची गंजी फोडली आणि दोन दिवस सगळ्या गव्हाणी काठोकाठ भरल्या. दुसऱ्या सांजेला पाडस उभं राहिलं.

महाराज आले. मागून अख्खं नगर आलं. राजकन्येनं द्रोण पुढे केला. चाळीस हरणांनी माना वर केल्या, तिच्याकडे पाहिलं आणि सगळीच्या सगळी पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन भिडली.

“आबासाहेब, एकही येत नाही माझ्याकडे.”

“नमकहराम जनावरं!” गर्दीतून कुणी ओरडलं. “रोज आमच्या हातचं खातात आणि आज ओळखसुद्धा नाही!”

“हिनं काहीतरी केलंय, महाराज!” शेठजींनी राखणदारणीकडे बोट दाखवलं.

“काय केलंस?” महाराजांनी विचारलं.

“जेवू घातलं, महाराज. एवढंच.” मग ती गर्दीकडे वळली. “तुम्ही ज्याला लळा म्हणत होता ना, ती भूक होती. यांच्या बरगड्या उघड्या दिसत होत्या. तुम्ही ‘किती गोड डोळे’ म्हणत राहिलात. मीही आंधळीच होते. पण आता दिसलंय, आता गप्प बसणार नाही!”

“खोटं, महाराज! ही माझी लेकरं आहेत. माझ्यावाचून पाणी पीत नाहीत.”

“असं?” महाराज म्हणाले. “मग फाटक उघडा.”

“नको, नको! फाटक उघडलं तर एकही उरणार नाही!”

बोलून गेले आणि शेठजींनी जीभ चावली.

राजकन्येनं द्रोण खाली ठेवला आणि स्वतः जाऊन आगळ काढली. धुळीचा लोट उठला. बाग रिकामी झाली. वाटेत ती हरिणी एकदाच थांबली, पण माणसांसाठी नाही, मागे पडलेल्या पाडसासाठी.

“अहो, पण आमची पाळी राहिली ना!” एकजण कुरकुरला. राखणदारणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गर्दीत दिसेनासा झाला.

महाराजांनी फाटक पुन्हा लावायला सांगितलं. आत फक्त शेठजींना ठेवलं. दोन दिवस, दिवसाला मूठभर भातावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदारीण हरभऱ्यांचा द्रोण घेऊन कुंपणाशी आली. शेठजी धावत आले आणि तिच्या तळहातावरून हरभरे खाऊ लागले. नगरातली माणसं बघत होती.

“बघा,” ती म्हणाली, “किती लळा लागलाय!”

कुणी हसलं नाही. तिनं मात्र शेठजींना पोटभर खाऊ घातलं, मग फाटक उघडलं. शेठजी जे सुटले, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: उपाशी ठेवलेला जीव जवळ आला, तर त्याला प्रेम म्हणू नका; आधी त्याचं पोट भरा, दार उघडा, आणि मग तो कुठे जातो ते पाहा.