पहिल्या माशाचा मान

फार मागची गोष्ट. तेव्हा नदीला गढूळ पाणी आलं की खालच्या डोहांतले खडस मासे अंडी घालायला डोंगराकडं निघायचे. पुरुषभर उंच धबधबे उड्या मारून चढायचे. आताच्या लोकांना हे सांगून खरं वाटणार नाही. नाही तर नाही.

नदीकाठच्या एका गावाची रीत होती. पहिला मासा लिंबा भोयानं धरायचा आणि देवीपुढं ठेवायचा. तो ठेवला की नदी मोकळी, मग सगळ्या गावानं जाळी टाकायची. त्याआधी पाण्यात कुणी दोरासुद्धा सोडायचा नाही. हा मान लिंबाच्या घरात सात पिढ्यांचा.

पण मासे घटत गेले. एका वर्षी लिंबा तीन दिवस बसला, तेव्हा कुठं एक मासळी जाळ्यात आली. पोट अंड्यांच्या गाभोळीनं टम्म. लिंबाला बापाच्या वेळची नदी आठवली. तेव्हा जाळंही लागायचं नाही, टोपली बुडवली की भरून यायची.

"एवढीच उरलीस होय गं?" तो म्हणाला, आणि गावादेखत त्यानं ती वरच्या अंगाला सोडून दिली.

पाटील ओरडला, "म्हातारचळ लागला का रे लिंबा? आता नदी मोकळी कशी व्हायची?"

"नाही व्हायची."

"गाव उपाशी मारतोस?"

"गाव नाचणी खातंय, पाटील. माशावाचून कोण मेलंय?"

"मान काढून घेईन तुझा!"

"देवीला विचारून घ्या. जिता आहे तोवर मान माझा. पहिला मासा कधी धरायचा ते मी ठरवीन."

रीत मोडायची छाती कुणाला झाली नाही. पण पाणवठ्यावर बायकांनी लिंबाच्या बायकोला सोडलं नाही. "काय गं, तुझा नवरा माशांचा जावई झाला वाटतं?"

ती घरी येऊन भडकली. "सात पिढ्यांचं नाव घालवलंत!"

"नदीत मासाच नसला तर मान कशाचा मिरवतेस? पाण्याचा?"

त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काठी घेऊन स्वतःच काठावर राखणीला बसली.

श्रावण सरला, पाणी निवळलं. अंडी घालून मासे रिकाम्या पोटानं खाली उतरू लागले, तेव्हा लिंबानं पहिला मासा धरला. असं त्यानं पाच वर्षं केलं. पाचही वर्षं गावानं शिव्या घातल्या.

सहाव्या वर्षी उगमाजवळच्या पाड्यावरची तरणी माणसं घागर घेऊन खाली आली. घागरीत बोटाएवढी चार पिल्लं.

"पाटील, आमच्या झऱ्यात ही शेकड्यांनी फिरताहेत. हे काय आहे?"

पाटील हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. डोंगरातली माणसं, आणि खडस ओळखत नाहीत! किती वर्षं तो मासा वर पोचलाच नव्हता. पाटील घागरीशी खाली बसला.

"उतरतील खाली," लिंबा म्हणाला. "मोठी होऊ देत."

पिल्लं मोठी होऊन परत चढायला लागली, तेव्हा लिंबा नव्हता. मान त्याच्या म्हातारीकडं आला होता. श्रावण सरेपर्यंत तीही मासा धरायला जागची हलली नाही, आणि पाटलानं एकदाही घाई केली नाही.

म्हणून सांगतो, जे परत यावं असं वाटतं, त्याला आधी जिथं जायचंय तिथं पोचू द्यावं.