हॉलच्या मधोमध

"पण माझं चुकलं काय, मास्तर? तेवढं सांगा ना!"

मेल्विन हे बोलतच हॉलमध्ये शिरला. कैतान मास्तर भिंतीलगत खुर्चीत बसले होते. वसईतल्या कितीतरी नवरा-नवरींना लग्नाचा वॉल्ट्झ नाच त्यांनीच शिकवलेला. आता गुडघा गेलाय, पण पाठ ताठ ती ताठच.

"काल रिसेप्शनला वेलेन्सिया माझ्याबरोबर नाचली. कसले नाचलो आम्ही! लोक मोबाईल काढून उभे. आणि पुढच्या गाण्याला विचारलं तर म्हणते, नको, पाय दुखतात. अन् लगेच उठली कोणाबरोबर? रॉकीबरोबर! त्या रॉकीचा डावा पाय उजव्यावर पडतो, मास्तर!"

मास्तर हसले नाहीत.

"मला आवडते ती." मेल्विनचा आवाज एकदम उतरला. "रविवारी चर्चच्या फेस्तचा डान्स आहे. परत नको म्हणाली तर... नाही, एखादी नवी गिरकी शिकवा. बघतच राहिली पाहिजे."

"आधी कालचं दाखव."

"कोणाबरोबर?"

मास्तरांनी हात पुढे केला.

मेल्विन जरा लाजला. मग मोबाईलवर गाणं लावलं, मास्तरांना उठवलं आणि थेट हॉलच्या मधोमध घेऊन गेला. आणि काय नाचला पोरगा! गिरकी, झोका, परत गिरकी. म्हातारा पिसासारखा हलका. शेवटच्या सुराला मेल्विननं हात सोडला, गर्रकन फिरून एक गुडघा टेकला आणि रिकाम्या हॉलला झुकून सलाम ठोकला.

मग खिडकीशी जाऊन घटाघट पाणी प्यायला.

"कसं वाटलं, मास्तर?"



वळून बघतो तर मास्तर तिथंच. मधोमध, एकटे. गुडघा थरथरतोय. धरायला आसपास काही नाही...

"अहो, बसा ना!"

मास्तर हलले नाहीत. नुसते बघत राहिले त्याच्याकडे.

बाटली तशीच टाकून मेल्विन धावला. हाताला धरून त्यांना सावकाश आणलं, खुर्चीत बसवलं.

"सॉरी, मास्तर. लक्षातच नाही आलं."

"काल वेलेन्सिया कुठं बसली होती?"

मेल्विन आठवायला लागला. गाणं आठवलं. कोण कोण शूटिंग करत होतं, तेही आठवलं. गाणं संपल्या संपल्या तो व्हिडिओ बघायला त्यांच्याकडेच धावला होता. खुर्ची मात्र...

"कोणाच्या शेजारी?"

मेल्विननं डोकं खाजवलं.

"आई होती सोबत? की एकटीच?"

मेल्विनची मान खाली गेली.

"नाही आठवत, मास्तर."

"मग तिला नाचायला आणलंस कुठून, आणि सोडलंस कुठं?"