ठकूबाईचा खांब

बँकेवरच्या घड्याळाचा फोटो काढताय? काढा. पण घड्याळ विलायतेहून आलंय, त्यात आमचं काय? जरा उजवीकडे सरका आणि मान वर करा. बँकेच्या दर्शनी बाजूला सहा खांब आहेत. पाचांच्या माथ्यावर विलायती पानं. सहाव्यावर जोंधळ्याचं कणीस.

असं सांगतात, ही बँक बांधायला आलेल्या साहेबानं इंग्लंडातल्या आपल्या गावच्या बँकेचा नकाशा सोबत आणला होता. इथं त्याला हुबेहूब तीच इमारत हवी होती. मात्र आमच्या धामणखेडचा काळा दगड बघून त्यानं नाक मुरडलं. यात नाजूक पान उठणार नाही, दगड आणि कारागीर दोन्ही बाहेरून आणू, म्हणाला. म्हणजे इथल्या पाथरवटांच्या चुली विझल्याच की! तेव्हा त्यांचा म्होरक्या कोंडाजी पुढं झाला. दसऱ्याच्या आत सहाही खांब याच दगडाचे उभे करतो, एक जरी राहिला तरी खुशाल बाहेरची माणसं आणा, असा पण त्यानं केला.

पाच खांब झाले. साहेबानं पानं नकाशाशी ताडून बघितली, खोट निघाली नाही म्हणे. आणि दसरा आठ दिवसांवर असताना दगडाची कपची उडून कोंडाजीच्या डोळ्यांत गेली. डोळ्यांवर पट्टी आली. बाकीच्यांना त्या पानाला हात घालायचं धाडस होईना.

कोंडाजीची बायको ठकूबाई घरोघरच्या जात्यांना टाकी लावायची. जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, मग टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, त्याला खाचा पाडतात. तिनं नवऱ्याची टाकी उचलली. नकाशा काही तिला कळेना. मग जन्मभर रानात आणि जात्यापाशी जे बघितलं तेच, जोंधळ्याचं कणीस, तिनं दगडात काढलं.

दसऱ्याला साहेब आला, कणीस बघून भडकला. हा खांब उतरवा, म्हणाला. ठकूबाई शांतपणे म्हणाली, "सायेब, तुमच्या गावात ते पान उगवत आसंल. हितं ह्येच उगवतं. आन् ह्या दारातनं आत जायाची ती ह्याचीच कमाई."

साहेबानं टोपी काढली. उकडत होतं म्हणून काढली, असं शेजारच्या गावचे लोक म्हणतात. जळतात मेले.

आजही सुगीचं पहिलं कणीस गावातली सगळ्यांत थोरली बाई या खांबाला बांधते, मगच त्या दिवशी बँकेचं दार उघडतं. मॅनेजर कुठलाही असो, तोवर पायरीवर उभा राहतो. आणि हा ठकठक आवाज ऐकू येतोय ना? ती आमची त्याच काळ्या दगडाची खाण. अजून चालू आहे.