केरबा आणि काळी काच

टेंभुर्लीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं ऐकणारा. फक्त सांगितलं तेवढंच ऐकणारा. त्याची बायको इंदा त्याला काही सांगायच्या आधी दोनदा विचार करायची आणि मग स्वतःच ते काम करायची.

त्याच गावात सोनटक्के गुरुजी होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना छंद दगड घासायचा. ओसरीवर त्यांनी एक यंत्र जोडलं होतं. दोन रुळांवर आडवी ठेवलेली जाड बरणी आणि ती फिरवायला शिलाई मशीनची मोटर. बरणीत दगड, पाणी आणि खरखरीत पूड घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि फिरवत ठेवायचं. दिवसच्या दिवस फिरून ओबडधोबड दगड गुळगुळीत व्हायचा.

एकदा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने लांबच्या देशातून बारा खडे पाठवले. ज्वालामुखीच्या रसाची काच. माणसाने केलेली नव्हे, डोंगराने केलेली. काळी कुळकुळीत, पण उन्हात धरली की कोऱ्या चहासारखी दिसायची. जत्रेत छंदांचं प्रदर्शन होतं आणि तालुक्याहून परीक्षक येणार होते. गुरुजींना वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्या दगडांना बक्षीस मिळावं. पण नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही. मग यंत्र बघणार कोण? रिकामा होता एकटा केरबा.

"केरबा, ही काच आहे," गुरुजी म्हणाले. "खडे एकमेकांवर आपटले तर तडकतील. बरणीत बरोबर काहीतरी मऊ घाल."

"किती मऊ?"

"मिळेल तितकं मऊ."

केरबाने घरभर हात लावून पाहिलं. उशी मऊ होती. मांजर मऊ होतं. पण सगळ्यात मऊ होता इंदाने नुकताच केलेला शिरा. त्याने पातेलंभर शिरा बरणीत घातला, वरून वेलदोडाही टाकला.

दोन दिवसांनी ओसरीवर मुंग्यांची रांग लागली. गुरुजींनी बरणी हुंगली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, शिरा कसला घालतोस! जुन्या चपलेचे रबरी तुकडे घालायचे. खडखड आवाज आला, की चपलेचे तुकडे. कळलं?"

"कळलं. खडखड आली, की चपलेचे तुकडे."

केरबाने बरणी धुतली, तुकडे घातले. काच गुपचूप फिरू लागली. गुरुजी खूश. केरबा त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी इंदाचा भाऊ जेवायला आला. चुलीवर वांग्याची आमटी होती. इंदा पाणी आणायला गेली आणि पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं. खडखड, खडखड. केरबा उठला. दाराशी मेहुण्याची चप्पल होती. त्याने ती बारीक चिरली आणि आमटीत सोडली. खडखड थांबली, कारण निम्मी आमटी उतू गेली होती.

मेहुणा बराच वेळ चावत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, आमटीला चव आहे. पण वांगं जरा कच्चं राहिलंय."

इंदाने पळीने ढवळलं. पळीला चपलेचा अंगठा लागला.

"अहो!" ती ओरडली. "भांडं खडखडलं, की झाकण काढायचं असतं! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," केरबा म्हणाला. "खडखडलं, की झाकण काढायचं."

मेहुणा अनवाणी गावाला गेला.

चार दिवसांनी बरणीतलं रबर झिजलं आणि काच पुन्हा वाजू लागली. गुरुजी समोरच खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर हिरवी पट्टी. "केरबा, आवाज येतोय रे."

"करतोच बंदोबस्त," केरबा म्हणाला आणि त्याने फिरत्या बरणीचं झाकण काढलं.

करड्या चिखलाची पिचकारी उडाली. भिंत रंगली, छत रंगलं, गुरुजी रंगले. बाराच्या बारा खडे उडाले आणि फरशीवर आपटले. पाच फुटले. सात उरले. गुरुजींनी फुटलेला एक तुकडा चाचपला आणि खिशात ठेवला. केरबाला फार वाईट वाटलं. त्याने धोतराच्या सोग्याने गुरुजींचं तोंड पुसलं.

"गुरुजी, आता नीट सांगा. अगदी नीट. मी तसंच करीन."

गुरुजींनी मोठा श्वास घेतला. "ऐक. एकदा फिरायला लागलं, की आतून कितीही आवाज येवो, उघडायचं नाही. दिवसातून एकदाच थांबवायचं. एक खडा फडक्याने पुसायचा आणि त्यात बघायचं. तुझं तोंड दिसलं, तर झालं. नाही दिसलं, तर पुन्हा फिरव."

केरबाने ते पाठ केलं. आणि काय सांगावं, या वेळी त्याने अगदी तसंच केलं! रोज एक खडा पुसायचा, बघायचा, मान हलवायचा, पुन्हा फिरवायचा. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी त्याला खड्यात मिशा दिसल्या. मग नाक दिसलं. तो ओरडत गल्लीत धावला, "मी दिसलो! मी दिसलो!"

प्रदर्शनात ते सात खडे काळ्या पाण्याच्या थेंबांसारखे चमकत होते. परीक्षक घोरपडे साहेब तिथून हलेनात. "पहिलं बक्षीस संध्याकाळी मीच जाहीर करणार आहे," ते म्हणाले आणि गुरुजींकडे बघून हसले. गुरुजींना आनंद मावेना. "चला साहेब, पाळण्यात बसू. इंदा, तूही चल."

लाकडी पाळणा होता, हाताने फिरवायचा. तिघं एका पेटीत बसले. पाळणेवाल्याला चहाची तल्लफ आली. त्याने खाली उभ्या असलेल्या केरबाला बोलावलं. "जरा दांडा फिरवत राहा. आलोच."

फिरवायचं म्हटल्यावर केरबाला वेगळं काय सांगायचं? त्याने जोर लावला. पाळणा वर गेला, खाली आला, वर गेला. दहा फेऱ्या झाल्या. वीस झाल्या.

"केरबा, थांबव!" गुरुजी ओरडले.

"आतून कितीही आवाज येवो!" केरबा खालून म्हणाला.

"अहो, मला गरगरतंय!" इंदा किंचाळली.

"कितीही!"

पन्नास फेऱ्यांनंतर त्याने ती पेटी खाली आणून थांबवली. तिघांनी हात पुढे केले. केरबाने गुरुजींची टोपी काढली, टकलावरून फडकं फिरवलं आणि वाकून बघितलं. "अजून नाही," म्हणाला आणि पुन्हा दांडा धरला.

पुढच्या पन्नास फेऱ्यांत गुरुजींना दरदरून घाम फुटला. केरबाने पुन्हा पुसलं, पुन्हा वाकला. टकलात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या.

"झालं!" त्याने पेटीचं दार उघडलं, गुरुजींना अलगद उतरवलं आणि दार लावून घेतलं. गुरुजी खांबाला मिठी मारून खाली बसले. त्यांना दोन केरबा दिसत होते.

"अरे, त्यांनाही... त्यांनाही काढ..."

केरबाने पेटीत डोकावून पाहिलं. इंदाचा भलामोठा अंबाडा होता. घोरपडे साहेबांचे दाट कुरळे केस होते. त्याने साहेबांचं डोकं फडक्याने चांगलं खसाखसा घासलं आणि निरखून बघितलं. तोंड सोडा, मिशीचा केससुद्धा दिसेना.

"गुरुजी, तुम्ही घरी जा, जेवून घ्या," केरबा बाह्या सरसावत म्हणाला. "हे दोघं अजून फार खरखरीत आहेत. झाले, की मी आणून देतो."

आणि त्याने दांडा धरला.