काचेच्या अलीकडचा राजा

एका राज्यात अशी रीत होती, की बापाने ओठ कानाला टेकवून नाव सांगितल्यावाचून मूल डोळे उघडत नसे. पहिला दात येईपर्यंत नाव कानी पडले नाही, तर ते डोळे जन्मभर मिटलेले राहत.

त्या राज्याचा राजा चित्रवर्मा. मुलगी झाली, त्या आनंदात हा शहाणा पूर्वजांच्या भुयारात उतरला आणि तिथला शापित स्फटिकमुकुट त्याने खुशाल डोक्यावर चढवला. वर म्हणाला, "हे सगळे माझे. मी ह्या सगळ्याहून निराळा!"

मुकुटाचा राखणदार मांत्रिक विकटाक्ष खांबाआडून पुढे झाला. "तथास्तु," तो म्हणाला. "निराळाच राहा."

त्या क्षणी राजाभोवती काचेची भिंत उभी राहिली. मुकुट डोक्यावरून निघेना. त्याला दिसे, ऐकू येई, पण कुठल्याही जिवाला त्याचा स्पर्श होईना. पाळण्यावर वाकला, की काच मध्ये येई. त्याने काचेवर तलवारी मोडल्या, घण झिजवले. लेक मिटल्या डोळ्यांनी हुंकार देई आणि राजा ढसाढसा रडे.

एके दिवशी राणी शालवती म्हणाली, "महाराज, लेकीच्या हिरड्या शिवशिवू लागल्या. उंबरवनातल्या धनेश पक्षिणीकडे जा. भिंतींतले तिला कळते."

राजा निघाला, तो फौजफाटा घेऊनच. राजेच ते! पक्षीण उंबराच्या ढोलीत, दाराला चिखल लिंपून, अंडी उबवत बसली होती. फटीतून तेवढी चोच दिसत होती.

"फौज माघारी पाठव," ती म्हणाली. "हे एकट्याने एकट्याशी बोलायचे आहे."

फौज गेली. पक्षीण म्हणाली, "तुझ्या भिंतीचा रंग पाहून ये."

राजा रानभर हिंडला. परतून म्हणाला, "डोंगर दिसला, पाणी दिसले. काच काही दिसली नाही."

"आता ओढ्याकाठी बस. आवाज कुठे संपतो आणि तुझे ऐकणे कुठे सुरू होते, ती जागा शोध."

राजा दिवसभर बसला. आला तो खाली मान घालून. "माते, तशी जागाच नाही."

"मग शेवटचे काम. भिंतीच्या अलीकडे जो उभा आहे, त्याला माझ्यापुढे आण."

"तो मीच की!" राजाने छातीला हात लावला.

"छाती तुला दिसते. हातही दिसतो. पाहणारा आण."

राजाने डोळे मिटले. लेकीचा चेहरा आला, उशीर होईल ही भीती आली. तीही दिसतच होती. मग पाहणारा कुठे? तो मागे वळून शोधू लागला, आणि त्याच्या सर्वांगावर काटा आला. तिथे कोणीच नव्हते. पाहणे मात्र होते, लख्ख, कुठेही कड नसलेले. त्यातच ओढा वाहत होता, त्यातच पक्षीण बोलत होती, आणि बिचारी भीतीही त्यातच बसली होती.

"माते," तो कसाबसा म्हणाला, "अलीकडे कोणी नाही!"

"मग पलीकडे तरी काय उरले?"

मुकुट खळकन खाली पडला. एक मुंगळा राजाच्या पायावर चढला आणि कडकडून चावला. राजा आनंदाने ओरडला. इतका गोड चावा कोणत्याही राजाला आजवर मिळाला नसेल.

तो धावतच राजवाड्यात आला. लेकीच्या हिरडीखाली पांढरा ठिपका आला होता, दात अजून फुटायचा होता. राजा वाकला. मध्ये काही आले नाही. दुधाचा वास येणाऱ्या त्या इवल्या कानाला ओठ टेकवून तो म्हणाला, "उर्वी."

लेकीने डोळे उघडले. राजा त्या डोळ्यांत पाहतच राहिला, आणि कोण कोणाकडे पाहते आहे, हे त्याला सांगता येईना. राणीने विचारले, "का रडता?" तेही सांगता येईना.

विकटाक्षाने मुकुट भुयारात नेऊन ठेवला. उंबरवनात पक्षिणीने चोचीने चिखल फोडला आणि पिलांसह ती बाहेर आली. जसे उर्वीचे डोळे उघडले, तसे ऐकणाऱ्यांचे उघडोत, आणि सांगणाऱ्याचे त्याआधी.