सेनापती आणि गवताची काडी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. वर म्हणे लिहूनच द्या. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला लिहायला बसवलंत, आता चुका काढू नका. एकदाच लिहीन.

फार जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक सेनापती होता. साठी उलटलेली. जन्मभर नगारे ऐकून त्याचे कान थकले होते. वैद्याने कानाशी टाळ्या वाजवून पाहिल्या आणि सांगितलं, "फार तर वर्षभर. पुढे बंद."

सेनापतीला मरणाचं भय नव्हतं, पण याचं वाटलं. त्याची आई जात्यावर एक ओवी गायची. तिची चाल आता जगात एकट्या त्यालाच ठाऊक होती. गळा म्हणजे फुटकं मडकं, कोणाला गाऊन दाखवायची सोय नाही. आपल्याबरोबर ही चालही मातीत जाणार. म्हणून त्याने ठरवलं, वीणा शिकायची आणि कान आहेत तोवर चाल तारेवर उतरवायची.

नदीकाठी एक म्हातारी वीणा शिकवायची. एका वेळी एकच शिष्य, आणि तोही अगदी कोरा.

"समोर बस," ती म्हणाली. "बोलशील ते माझ्याकडे तोंड करून बोल."

सेनापतीला राग आला, पण बसला. तिने त्याच्या मांडीवर एक वीणा दिली. सात सुरांच्या सात तारांची दुसरी वीणा हातभर अंतरावर चटईवर ठेवली. तिच्या एका तारेवर गवताची काडी वाकवून बसवली, घोड्यावर खोगीर बसवतात तशी.

"तुझी तार छेड आणि खुंटी पिळत राहा. तिकडची काडी उठली, की तुझी तार जुळली."

"हात न लावता उठेल?"

"हात लावून तर माकडही उठवेल."

पाच दिवस काडी मेल्यासारखी पडून होती. सहाव्या दिवशी सेनापतीने खुंटी केसभर फिरवली, तार छेडली, आणि पलीकडची काडी थरथरली, उभी राहिली आणि परत तारेवर बसली. कोणी हात लावला नव्हता. वारा नव्हता. शंभर लढाया पाहिलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला.

"आता ओवी वाजवायला शिकवा," तो म्हणाला.

"आता दुसरी तार."

महिना तारा जुळवण्यातच गेला. एक दिवस सेनापती उठला आणि दारातून बाहेर बघत ओरडला, "गवत नाचवायला आलो का मी? थोतांड आहे सगळं. या म्हातारीला स्वतःलाच वाजवता येत नाही." आणि निघून गेला.

दरबारच्या वादकाने वीणेच्या पडद्यांवर एकेका सुराच्या जागी चुन्याचे ठिपके काढून दिले. "ठिपक्यावर बोट ठेवा सरकार, झाली ओवी." आठ दिवसांत झालीसुद्धा.

मग उन्हाळा आला. एका सकाळी सेनापतीचे कान मिटले ते मिटलेच. तो रोज वीणा वाजवत राहिला. बोटं बरोबर ठिपक्यांवर होती, पण उन्हाने तारा सैल पडल्या होत्या. त्याला काय कळणार? नातीने दोन्ही कानांवर हात ठेवलेले दिसले, तेव्हा कळलं.

तो नदीकाठी परत गेला. म्हातारीला कानाकडे बोट दाखवून त्याने मान हलवली. तिने चटईवरच्या वीणेच्या सातही तारांवर सात काड्या बसवल्या.

सेनापतीने तार छेडली, खुंटी पिळली. काडी उठली. एकेक तार त्याने डोळ्यांनी जुळवली. मग आई आठवली आणि ओवी वाजवायला घेतली. काड्या एकामागून एक उठू लागल्या, ओवीच्या चालीने, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत. सगळं जग मुकं होतं आणि त्यात त्याला आईचा सूर दिसत होता. पाण्याला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"बाई," डोळे पुसत तो म्हणाला, "मला हेच लागेल, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

म्हातारीने चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि बोटाने लिहिलं, 'मी चाळिशीपासून बहिरी आहे. मला दुसऱ्या रीतीने शिकवताच येत नाही.'

सेनापतीने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "त्या दिवशी मी दारात वाईट बोललो."

तिने लिहिलं, 'पाठ फिरवून बोललास. ओठ दिसल्याशिवाय मला काय कळणार?'

तरी त्याने समोर बसून शब्द न शब्द सांगितला आणि माफी मागितली.

दारातल्या बायका ती ओवी घरी घेऊन गेल्या. पुढे त्या राज्यात दर पहाटे जात्यावर तीच चाल ऐकू यायची. दोन बहिऱ्यांनी राखलेली.

बोध एवढाच: पहिला धडा क्षुल्लक वाटला म्हणून टाकू नये, सगळं गेल्यावर तोच हाताशी उरतो.

आणि तिने न ऐकलेल्या शब्दांचीसुद्धा सेनापतीने माफी मागितली. मला जे वाईट बोललं गेलं ते मी तर दोन्ही कानांनी ऐकलंय, चार माणसांत ऐकलंय, आणि माझी माफी मागायचं अजून राहिलंय ते त्या मुकुंदा साळव्याचं.